करुणा थकते काय?

एप्रिल २०२१ मधील गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात ऐन भरात होती. आमच्या वस्तीतील विहार बंद होते आणि वंदना ज्याच्या त्याच्या घरी होत होती. अशा एका संध्याकाळी एक बाई आमच्या दाराशी येऊन उंबऱ्याबाहेर चार हात अंतर राखून उभ्या राहिल्या. उंबऱ्याबाहेर उभे राहणे आपल्या लोकांना नवे नाही. पण हे अंतर वेगळ्या कारणाचे होते. त्यांची मुलगी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, कॅज्युअल्टीमध्ये निवासी डॉक्टर होती. आमच्या वस्तीतील ती पहिली डॉक्टर. सहा आठवडे ती घरी आली नव्हती.

बाई म्हणाल्या, "दादा, पूर्वीचे दिवस असते तर मी नवस बोलले असते. देवीची ओटी भरली असती. मनाला आधार वाटला असता. दीक्षा घेतली तेव्हा ते सगळे सोडले, त्याचे मला दुःख नाही. पण आता त्या पोरीसाठी मी करू काय? आणि ती फोनवर जे विचारते त्याला उत्तर काय देऊ?"

मुलगी काय विचारते, असे मी म्हटले. बाईंनी सांगितले, ते असे : "ती म्हणते, आई, आज माझ्यासमोर सहा माणसे गेली. मी खोलीवर आले, अंघोळ केली, भात खाल्ला आणि झोपले. मला रडू आले नाही. पहिल्या महिन्यात मी रोज रडत होते. माझे मन दगड झाले का?"

त्या संध्याकाळी मला धड उत्तर देता आले नाही. काळजी करू नका, पोरगी धीराची आहे, असे काहीतरी बोलून मी त्यांना परत पाठविले. पुढे मात्र हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. वाचता येईल ते वाचले, त्या मुलीशी नंतर पुष्कळदा बोललो. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली आता डॉक्टर, परिचारिका होत आहेत. म्हणून हा प्रश्न एकट्या त्या माउलीचा नाही, असे समजून हे लिहीत आहे.

प्रथम कॅज्युअल्टी म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. वॉर्डातील डॉक्टरला रोगी नेमून दिलेला असतो. त्याचे कागद असतात, निदान झालेले असते. कॅज्युअल्टीत दार उघडे असते. रिक्षातून, रुग्णवाहिकेतून, मुलाच्या पाठीवरून जो येईल तो येतो, आणि कोणाला आधी पाहावयाचे हे दोन-चार मिनिटांत ठरवावे लागते. कोरोनाच्या साथीत या कामाची सगळी मोजमापेच मोडली. बोलत, चालत आलेल्या माणसाच्या बोटाला यंत्र लावावे तर रक्तातील ऑक्सिजन सत्तर टक्क्यांवर आलेला. असा माणूस "मला काही होत नाही" म्हणतो आणि तासाभरात धापा टाकू लागतो. डॉक्टरच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख. तो एकदा चढविला की सहा-आठ तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. चष्म्यावर वाफ धरते. चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर पेनाने नाव लिहावे लागते. मरणाऱ्याजवळ नातेवाईक नाही, म्हणून डॉक्टरनेच फोन हातात धरून मुलाला बापाचा चेहरा दाखवावयाचा, आणि पुढच्या खाटेकडे वळावयाचे.

चीनमध्ये साथीच्या आरंभी, जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दिवसांत, ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर आणि परिचारिकांची पाहणी झाली. त्यांच्यापैकी निम्म्यांहून थोड्या अधिक लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. ३४ टक्क्यांना झोप लागत नव्हती. शंभरात एकाहत्तर जणांनी मनावर ताण असल्याचे सांगितले. ही साथीच्या पहिल्या महिन्यांतील स्थिती. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञ डॉ. तृप्ती गिलाडा यांनी लोकांना सावध करण्यासाठी एक चित्रफीत केली आणि बोलता बोलता त्यांना रडू आवरेना. त्याच आठवड्यात दिल्लीच्या शांती मुकुंद रुग्णालयाचे प्रमुख डॉ. सुनील सागर ऑक्सिजन संपत आल्याचे सांगताना कॅमेऱ्यासमोर हुंदके देऊ लागले. काही लोकांनी तेव्हा म्हटले, डॉक्टरच रडू लागले तर आम्ही कोणाकडे पाहावे?

म्हणजे पाहा, रडले तर दुबळे आणि रडले नाही तर दगड. त्या मुलीच्या प्रश्नाची अडचण हीच आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार आपण ऐकलेले आहेत. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बसून आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्यात ते प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगतात, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू सहज ओळखू येतो. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य. ते कोणालाही कळते. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो, करुणेचेच कपडे घालून घरात शिरतो. करुणेचा हा जवळचा शत्रू कोणता? तर शोक. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच दुःखात बुडून जाणे, हीच करुणा अशी आपली समजूत असते. बुद्धघोष म्हणतात की ती करुणा नव्हे, तिचा शत्रू आहे.

प्रथम वाचले तेव्हा मला हे कठोर वाटले. मयताच्या घरी जो मोठ्याने रडतो तोच खरा जिव्हाळ्याचा, असे आपण लहानपणापासून मानत आलो. परंतु विचार करा. शोकात बुडालेल्या माणसाचे लक्ष कोठे असते? स्वतःच्या दुःखाकडे असते. करुणेचे लक्ष समोरच्या माणसाकडे असते. शोक म्हणतो, मला हे पाहवत नाही. करुणा म्हणते, याला आता काय पाहिजे? कॅज्युअल्टीत खाटेवरच्या माणसाला पहिल्याचा उपयोग नाही, दुसरीचा आहे.

ही केवळ जुन्या ग्रंथातील गोष्ट आहे असे कोणी समजू नये. जर्मनीत लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. त्यांच्या बरोबर मॅथ्यू रिकार हे फ्रेंच भिक्खू होते. हे पूर्वी जीवशास्त्रज्ञ होते, नंतर भिक्खू झाले. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात त्यांना झोपविले आणि दुःखी माणसांचे दुःख केवळ स्वतःमध्ये अनुभवावयास सांगितले. थोड्या वेळाने त्यांना ते असह्य झाले, मन रिते झाल्यासारखे वाटू लागले. मग त्यांनी करुणेची भावना धरली, म्हणजे त्या दुःखी माणसांचे भले व्हावे या इच्छेने त्यांच्याकडे पाहिले. दुःख तेच होते, माणसे तीच होती. पण मनाचा थकवा निघून गेला. नंतर साध्या लोकांना घेऊन प्रयोग केला तेव्हा असेच दिसले. ज्यांना दुसऱ्याचे दुःख आपल्यात उतरवून घेण्याचा सराव दिला त्यांचा त्रास वाढला. त्यांनाच पुढे करुणेचा सराव दिला तेव्हा तो उतरला. मेंदूचे वेगवेगळे भाग या दोन वेळी काम करीत होते. डॉक्टर-परिचारिकांच्या थकव्याला इंग्रजीत 'करुणेचा थकवा' अशा अर्थाचे नाव आहे. या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की ते नाव चुकीचे आहे. थकते ती सहवेदना, करुणा नव्हे.

तेव्हा त्या मुलीला पहिल्या महिन्यात रोज रडू येत होते आणि तिसऱ्या महिन्यात येत नव्हते, एवढ्यावरून तिचे मन दगड झाले असे म्हणता येणार नाही. मी तिला विचारले, "सहावा माणूस गेला तेव्हा तू काय केलेस?" ती म्हणाली, "डोळे मिटवले. पाय सरळ केले. बायकोला फोन केला. नाव नीट लिहिले ना ते दोनदा पाहिले, कारण आदल्या आठवड्यात एका कुटुंबाला दुसऱ्याचेच प्रेत दाखवले होते." दगड नाव दोनदा तपासत नाही.

पण येथेच एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तिची खोटी समजूत काढली असे होईल. उपेक्खेलाही जवळचा शत्रू आहे आणि तो म्हणजे अज्ञानाने आलेली बेफिकिरी. समतोल मन आणि बधिर मन बाहेरून सारखेच दिसतात. दोघांनाही रडू येत नाही. या बाबतीत आपल्या मराठी भाषेने मोठी गंमत केली आहे. पालीतील 'उपेक्खा' म्हणजे समतोल दृष्टी. त्याच शब्दाचा मराठीत 'उपेक्षा' झाला आणि अर्थ झाला दुर्लक्ष, हेळसांड. शब्दच आपल्या जवळच्या शत्रूला जाऊन मिळाला! ज्या समाजाने आपल्याला शतकानुशतके उपेक्षित ठेवले, त्याची भाषा आहे ही. तिला समतोलापेक्षा हेळसांडच अधिक ओळखीची असावी. असो. बधिरपणाची खूण तिनेच मला सांगितली. तिच्या बरोबरचा एक चांगला, हुशार डॉक्टर रोग्यांना नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने हाक मारू लागला. "चौदा गेला का?" असे विचारू लागला. पुढे तो घरच्यांशीही बोलेनासा झाला. ती म्हणाली, "मला त्याचा राग येत नव्हता. मला भीती वाटत होती, की उद्या मीही असेच विचारीन."

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि माझ्या मते हीच बाजू अधिक महत्त्वाची आहे.

चीनमध्ये चांग्शा शहरातील दुसऱ्या शियांग्या रुग्णालयाने साथीच्या काळात आपल्या डॉक्टर-परिचारिकांच्या मनःस्वास्थ्यासाठी मोठी योजना केली. मानसोपचारतज्ज्ञ नेमले, दूरध्वनीवर सल्ला देण्याची सोय केली, गटाने बसण्याचे कार्यक्रम आखले. लोक येईनात. परिचारिका चिडलेल्या दिसत, तरी म्हणत, आम्हाला काही झालेले नाही. मग कोणीतरी त्यांना सरळ विचारले, तुम्हाला पाहिजे काय? उत्तर आले : अडथळ्याशिवाय विश्रांती पाहिजे आणि पुरेशी संरक्षक साधने पाहिजेत. रुग्णालयाने योजना बदलली. झोपण्यासाठी जागा दिली, जेवण दिले, घरच्यांना दाखविण्यासाठी कामाच्या चित्रफिती काढू दिल्या, घाबरलेल्या रोग्याशी कसे वागावे याचे शिक्षण दिले. मग मानसोपचारतज्ज्ञ त्या विश्रांतीच्या जागीच जाऊन बसू लागले आणि लोक बोलू लागले.

ही एवढीशी हकिकत मला मोठ्या मोठ्या ग्रंथांइतकी मोलाची वाटते. ज्याच्या तोंडाला मास्क नाही त्याला श्वासावर लक्ष ठेवावयास सांगणे ही क्रूर थट्टा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना याच गोष्टीवर भर दिला. दुःख आहे हे मानणे आणि ते दूर करणे, हा धम्माचा पाया. सहन करण्याची कला शिकविणे एवढाच धम्म असता तर बाबासाहेबांनी तो घेतला नसता. सहन करण्याची कला शिकविणारे धर्म या देशात कमी नव्हते.

कॅज्युअल्टीतील डॉक्टरचे दुःख एकजिनसी नाही. माणूस आजारी पडतो, मरतो, आणि आपले सगळे ज्ञान तोकडे पडते, हे एक दुःख. ते डॉक्टरकीबरोबर येणारच आणि त्यासाठी मन तयार करावे लागते. परंतु ऑक्सिजन आहे म्हणून सांगितले आणि तो नाही. खाटा दहा आणि माणसे चाळीस. छत्तीस तास सलग काम. मेलेल्याच्या भावाने कॉलर धरली, हे दुःख माणसांनी निर्माण केलेले आहे. ते मनाने जिंकावयाचे नसते, ते हटवावयाचे असते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रोगी दगावले. १ मे रोजी दिल्लीच्या बात्रा रुग्णालयात ऑक्सिजन संपला आणि बारा रोगी गेले. त्यात त्याच रुग्णालयातील पोटविकार विभागाचे प्रमुख डॉ. आर. के. हिमथानी हेही होते. डॉक्टर आपल्याच रुग्णालयात, सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, वायू संपला म्हणून मरतो. बाकीच्या डॉक्टरांना कोणते ध्यान सांगणार आहोत आपण?

इटलीतील गोष्ट याहून वेगळी, पण जात तीच. मार्च २०२० मध्ये बेर्गामो आणि भोवतालच्या भागात रुग्णालये भरून वाहू लागली. ६ मार्चला तेथील भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेने एक मार्गदर्शक पत्रक काढले. साधने पुरेनाशी झाली तर ज्याची जगण्याची आशा अधिक त्याला आधी घ्यावे, प्रसंगी अतिदक्षता विभागासाठी वयाची मर्यादा घालावी लागेल, असा त्याचा आशय होता. त्यावर फार टीका झाली. पण ते पत्रक काढण्याचे एक कारण असे होते की, निवडीचे ओझे एकट्या, रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या डॉक्टरच्या डोक्यावर राहू नये. मला हे पटते. आजाऱ्यांची अशी प्रतवारी प्रथम पद्धतशीरपणे केली ती नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने. त्याचा नियम होता, जखम पाहावी, हुद्दा पाहू नये. माणसाच्या दर्जाऐवजी त्याची गरज पाहणारा हा नियम आपल्या लोकांना कळावयास वेळ लागू नये. आमच्या मुलीला मात्र कोणी नियम लिहून दिला नव्हता. उलट वरून फोन येत, अमक्या साहेबांचे सासरे येत आहेत, जागा ठेवा. ती म्हणाली, "मरणाऱ्यांची आठवण येते, पण ती सोसते. एका बाईला मी दारातून परत पाठवले आणि पंधरा मिनिटांनी साहेबांच्या सासऱ्यांना आत घेतले, ते सोसत नाही."

या जखमेला आता 'नैतिक जखम' अशा अर्थाचे नाव पडले आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांत ती ओळखली. भीतीने झालेली जखम वेगळी आणि आपल्या हातून, आपल्या विवेकाविरुद्ध काही घडले किंवा वरच्यांनी घडवून आणले, त्याची जखम वेगळी. शीलाची ज्याला चाड नाही त्याला ती होतच नाही. ही जखम झालेला डॉक्टर म्हणजे शील शाबूत असलेला डॉक्टर, हे त्याच्या घरच्यांनी ओळखले पाहिजे.

ओळखले नाही तर काय होते? न्यूयॉर्कमधील डॉ. लोर्ना ब्रीन या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. मार्च २०२० मध्ये त्यांना स्वतःला कोरोना झाला, त्यातून उठून त्या लगेच कामावर गेल्या, आणि २६ एप्रिलला त्यांनी आपले जीवन संपविले. वय ४९. त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितले की, मनाच्या आजारासाठी उपचार घेतले तर आपला परवाना, आपली कारकीर्द जाईल अशी त्यांना धास्ती होती. त्यांच्या नावाने २०२२ साली अमेरिकेत आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी कायदा झाला. मनाचा दवाखाना चढणे म्हणजे कमीपणा, ही समजूत तेथेही आहे आणि येथेही आहे. आपल्या मुलांना तर तिच्यावर आणखी एक ओझे. आमची मुलगी पहिल्यांदा मला हे म्हणाली तेव्हा मी गप्पच झालो : "मी थकले म्हणाले तर ते म्हणतील, राखीव जागेवरची ना, जमणार कसे! बाकीचे थकले तर ते माणूस म्हणून थकतात. मी थकले तर माझी जात थकते." ज्या घरात पहिला डॉक्टर झाला आहे त्या घराने हे वाक्य नीट ऐकावे. आपणही त्याला "समाजाचे नाव राख" म्हणून त्याच ओझ्यात भर तर घालत नाही ना?

डॉक्टरला माणूस म्हणून थकू देण्यात दुसरी अडचण आहे ती देव बनविण्याची. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. त्यात काही लोकांचा भाव खरा होता, हे मी नाकारीत नाही. पण त्याच एप्रिलमध्ये चेन्नईत डॉ. सायमन हर्क्युलिस कोरोनाने गेले, तेव्हा त्यांच्या दफनाला जमावाने विरोध केला आणि रुग्णवाहिकेवर दगड मारले. अनेक शहरांत डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडावयास सांगितल्या. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षेचा वटहुकूम २२ एप्रिलला काढावा लागला. ज्याला देव म्हणावयाचे त्याच्या हातून चमत्कार झाला नाही की त्याला दगड मारावयाचा, ही भक्तीची जुनी रीत आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला तो राजकारणातील भक्तीबद्दल होता. दवाखान्यातील भक्तीलाही तो लागू पडावा. देवाला झोप लागत नाही, त्यामुळे त्याच्या कामाचे तास मोजण्याची गरज पडत नाही. आपण देव सोडलेली माणसे आहोत. निदान आपण तरी डॉक्टरचे तास मोजावेत.

आणि मोजावयाचेच तर डॉक्टरपाशी थांबू नये. वॉर्डबॉय, आया, प्रेते बांधणारे, रुग्णालयाचा कचरा उचलणारे, स्मशानात रात्रंदिवस जाळणारे, यांच्या मनावरच्या ताणाची पाहणी कोणी फारशी केलेली दिसत नाही. हे लोक कोणत्या वस्त्यांतून येतात ते आपल्याला सांगावयास नको.

सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात प्लेग आला. ज्या साथरोग कायद्यात २०२० च्या वटहुकुमाने दुरुस्ती केली, तो १८९७ चा कायदा त्याच प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला आणि त्यांच्या आई, सावित्रीबाई, तेथे रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही कथा आपण दर वर्षी सांगतो, परंतु बहुधा चुकीच्या कामासाठी सांगतो. त्याग करा, असे डॉक्टरांना सांगण्यासाठी सांगतो. मला तीत दुसरेच दिसते. मुलगा डॉक्टर आहे म्हणून आईने घरी बसून त्याचे कौतुक केले नाही. त्याच्या कामाचा अर्धा भार आपल्या पाठीवर घेतला.

भगवान बुद्धांनीही हा भार एकट्या शुश्रूषा करणाऱ्यावर टाकलेला नाही. हगवणीने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले, ही कथा आपल्याला माहीत आहे. तिच्या पुढचा भाग विहारात क्वचितच सांगितला जातो. विनयपिटकात त्याच ठिकाणी शुश्रूषा करणारा कसा असावा हे सांगितले आहे, आणि रोगी कसा असावा हेही सांगितले आहे. जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, आपल्या आजाराचे खरे खरे सांगत नाही, तो शुश्रूषेला कठीण रोगी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे रोग्यालाही शील आहे आणि त्याच्या नातेवाइकांनाही. ताप लपवून दवाखान्यात शिरलेला माणूस, लस घेऊ नका म्हणून घरोघर सांगणारा माणूस, डॉक्टरवर हात उगारणारा माणूस, हे सगळे त्या मुलीच्या थकव्याचे भागीदार आहेत.

२००३ साली सार्स नावाची साथ कॅनडात आली. साथ संपल्यावर तेरा ते सव्वीस महिन्यांनी टोरांटोतील आरोग्यसेवकांची पाहणी केली, तेव्हा ज्यांनी सार्सचे रोगी पाहिले होते त्यांच्यात थकवा आणि मनाचा त्रास इतरांपेक्षा अधिक आढळला. शिक्षण आणि पाठबळ पुरेसे मिळाले असे ज्यांना वाटत होते त्यांची स्थिती बरी होती. याचा अर्थ, साथ संपली की ताण संपतो असे नाही. आमच्या मुलीला २०२२ च्या पावसाळ्यात, साथ बऱ्याच अंशी ओसरल्यावर, रात्री यंत्राचा पीं-पीं आवाज ऐकू येऊ लागला. मग ती मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली. आईला न सांगता गेली होती. आईला कळले तेव्हा बाई पुन्हा आमच्या दारी आल्या. या वेळी आत येऊन बसल्या.

"दादा, तेव्हा तुम्ही मला काही सांगितले नाही," त्या म्हणाल्या. मी मान्य केले. मग वर लिहिलेले बरेचसे त्यांना माझ्या परीने सांगितले. शोक आणि करुणा यांतला फरक सांगितला, चांग्शाच्या परिचारिकांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्यांना सर्वांत जास्त समजली. "म्हणजे झोप आणि जेवण," त्या म्हणाल्या, "मग ते मला जमेल."

आता दर रविवारी ड्यूटी संपवून मुलगी घरी येते. वस्तीतील माणसे पूर्वी तिला दारातच गाठून आपापले रिपोर्ट दाखवीत. बाई आता ओट्यावर बसून असतात. मुलगी जेवून झोपली की त्या दार ओढून घेतात आणि आलेल्या माणसाला हलक्या आवाजात सांगतात, "चारनंतर या. पोरगी झोपली आहे."